प्रक्रियकांविषयीची भाकिते आणि त्यांची पारख

१. विषयाचे स्वरूप

संगणकाचा नवा प्रक्रियक, म्हणजे व्यवहारात ज्याला प्रोसेसर म्हणतात तो, बाजारात येण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे त्याच्याविषयी भाकिते होऊ लागतात. त्याची गती किती असेल, तो जुन्या मदरबोर्डवर बसेल की नाही, त्याचा आज्ञासंच तोच राहील की बदलेल, अशा प्रश्नांची चर्चा उत्पादकांच्या घोषणांत, व्यापारी नियतकालिकांत आणि जाणकारांच्या बैठकांत सारख्याच हिरिरीने चालते. या चर्चेकडे केवळ कुतूहलाचा विषय म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. एखाद्या विभागास संशोधनासाठी मिळालेला निधी ठरावीक मुदतीत खर्चावा लागतो. त्यातून घेतलेले यंत्र पाच-सात वर्षे वापरावे लागते. आणि त्या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या तर यंत्रापेक्षाही अधिक काळ टिकतात. भाकितावर विसंबून चुकीचे अधिष्ठान निवडले गेले, तर वाया जातो तो पैसा नव्हे, तर मनुष्यांची वर्षे होत.

येथे ‘अधिष्ठान’ हा शब्द, व्यवहारात ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात, त्या अर्थी योजिला आहे. प्रक्रियकाचा आज्ञासंच, तो बसविण्याचे सॉकेट, त्याच्याशी जोडलेली स्मृती, आणि त्यावर चालणारी परिचालन प्रणाली व संकलक या साऱ्यांचा समुच्चय म्हणजे अधिष्ठान होय. प्रक्रियक बदलणे ही एक गोष्ट आणि अधिष्ठान बदलणे ही दुसरी. पहिली दरवर्षी घडते. दुसरी क्वचित घडते आणि घडली म्हणजे फार दूरवर परिणाम करते.

गेल्या काही दशकांतील प्रमुख भाकिते व त्यांची परिणती पाहिली असता असे दिसते की, चुकलेली भाकिते बहुधा अज्ञानामुळे चुकली नाहीत. ती करणारे लोक त्या विद्येतील अग्रणी होते. चूक झाली ती एकाच राशीची वाढ रेषेसारखी पुढे ओढल्यामुळे, आणि त्या वाढीस आधार देणाऱ्या अटी तपासून न पाहिल्यामुळे. या अटी तीन प्रकारच्या आहेत : पदार्थविज्ञानाच्या, कारखान्याच्या, आणि आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञावल्यांच्या. त्यांचा विचार उदाहरणांच्या आधारे करणे सोयीचे होईल.

२. घड्याळगतीचे भाकीत

गॉर्डन मूर यांनी १९६५ साली ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात असे अनुमान मांडले की, एका सिलिकॉन-तुकड्यावर किफायतशीरपणे बसविता येणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल आणि १९७५ पर्यंत ती ६५,००० वर पोचेल. १९७५ साली त्यांनी स्वतःच दुपटीचा काळ दोन वर्षांचा केला. हे अनुमान पुढे ‘मूरचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाले. परंतु त्यात घटकांच्या संख्येविषयी आणि खर्चाविषयी विधान होते, गतीविषयी नव्हते, ही गोष्ट बहुतेकांच्या विस्मरणात गेली.

संख्येवरून गतीकडे नेणारा दुवा आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली पुरविला. ट्रान्झिस्टरची सर्व मापे आणि त्यास द्यावयाचे विद्युद्दाब एकाच प्रमाणात कमी केली, तर काय होते याचा त्यांनी हिशेब मांडला. प्रक्रियकात खर्च होणारी शक्ती ही धारिता, विद्युद्दाबाचा वर्ग आणि घड्याळाची वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. मापे १.४ पटीने लहान केली असता धारिता १.४ पटीने घटते, विद्युद्दाबाचा वर्ग सुमारे निम्मा होतो, आणि वारंवारता १.४ पटीने वाढविता येते. परिणामी प्रत्येक ट्रान्झिस्टरची शक्ती निम्मी होते. आणि त्याचे क्षेत्रफळही निम्मे झालेले असल्यामुळे दर चौरस सेंटिमीटरमागे निर्माण होणारी उष्णता पूर्वीइतकीच राहते. म्हणजे गती वाढते, संख्या दुप्पट होते, आणि उष्णता मात्र वाढत नाही. अभियंत्यास याहून अधिक अनुकूल परिस्थिती क्वचितच लाभते.

या अनुकूलतेचे फळ १९९० नंतरच्या दशकात दिसून आले. इंटेलचा पेन्टियम १९९३ साली ६६ मेगाहर्ट्झच्या गतीने आला. मार्च २००० मध्ये एएमडी व इंटेल या दोन्ही कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने एक गिगाहर्ट्झची मर्यादा गाठली. नोव्हेंबर २००२ मध्ये पेन्टियम-४ हा ३.०६ गिगाहर्ट्झवर पोचला. दहा वर्षांच्या आत गती सुमारे ४६ पट झाली. ही रेषा पुढे ओढून पाहणाऱ्यास दहा गिगाहर्ट्झचा प्रक्रियक लवकरच दृष्टिपथात येईल असे वाटणे स्वाभाविक होते; खुद्द इंटेलची अपेक्षाही तीच होती. पेन्टियम-४ ची रचनाच मुळी या अपेक्षेवर बेतलेली होती. प्रत्येक आज्ञेचे काम वीस लहान टप्प्यांत विभागले होते, आणि २००४ साली आलेल्या ‘प्रेस्कॉट’ या आवृत्तीत ते टप्पे ३१ झाले. टप्पा जितका लहान, तितके घड्याळ जलद चालविता येते. मात्र शाखा-आज्ञेचा अंदाज चुकल्यास तितकेच अधिक काम टाकून द्यावे लागते. जलद घड्याळ मिळेल या भरवशावर हा तोटा पत्करण्यात आला होता.

घड्याळ मात्र जलद झाले नाही. डेनार्ड यांच्या हिशेबातील एक अट मोडली होती. विद्युद्दाब कमी करीत न्यावयाचा तर ट्रान्झिस्टर ज्या दाबास सुरू होतो तो उंबरठाही खाली आणावा लागतो. परंतु उंबरठा खाली आणला की, ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून पाझरणारा प्रवाह घातांकी प्रमाणात वाढतो. शिवाय ९० नॅनोमीटरच्या पिढीत ट्रान्झिस्टरच्या द्वाराखालील विरोधक थर अवघ्या १.२ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मोजक्या अणूंच्या थरांइतका उरला होता आणि त्यातूनही प्रवाह गळू लागला होता. त्यामुळे विद्युद्दाब एक व्होल्टच्या आसपास अडून राहिला. ३.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या आवृत्तीची निर्धारित उष्णता ८९ वॅट होती; लहान मापांच्या नव्या प्रेस्कॉटची त्याच गतीस १०३ वॅट झाली. प्रेस्कॉटमध्ये ट्रान्झिस्टर दुपटीहून अधिक होते हे खरे. तथापि मापे लहान केल्याने उष्णता आपोआप आटोक्यात राहण्याचे दिवस संपले होते. मे २००४ मध्ये इंटेलने पेन्टियम-४ चा ‘तेजस’ या नावाचा नियोजित वारसदार रद्द केला. ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा पेन्टियम-४ देखील रद्द झाला. जानेवारी २०२३ मध्ये इंटेलने सहा गिगाहर्ट्झचा प्रक्रियक विक्रीस आणला, परंतु ती गतीही फक्त अनुकूल स्थितीत, थोडा काळच गाठता येणारी आहे. दहा वर्षांत ४६ पट झालेली राशी नंतरच्या वीस वर्षांत केवळ दुप्पट झाली.

या संकटाची चाहूल कोणासच लागली नव्हती, असे मात्र नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलचेच पॅट गेल्सिंगर यांनी अर्धवाहक-मंडलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असा इशारा दिला होता की, उष्णतेची वाढ अशीच चालू राहिल्यास काही वर्षांत प्रक्रियकाची शक्ति-घनता अणुभट्टीच्या आणि पुढे रॉकेटच्या तोंडाच्या बरोबरीस जाईल. ज्या कंपनीतून हा इशारा आला, तिच्यातच दहा गिगाहर्ट्झची आशा बाळगली जात होती. तात्पर्य, आवश्यक ज्ञान उपलब्ध असूनही भाकीत चुकू शकते. कारण रेषा पुढे ओढणे हे अटी तपासण्यापेक्षा सोपे असते.

३. नव्या आज्ञासंचाचे भाकीत

गतीविषयीचे भाकीत चुकले तरी जुन्या आज्ञावल्या चालतच राहतात. आज्ञासंच बदलण्याचे भाकीत चुकले म्हणजे होणारी हानी निराळ्या जातीची असते. याचे ठळक उदाहरण इटेनियमचे होय.

जून १९९४ मध्ये इंटेल व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ६४ बिटांच्या नव्या अधिष्ठानासाठी सहकार्य जाहीर केले. त्यामागील विचार तर्कशुद्ध होता. कोणत्या आज्ञा एकाच वेळी चालविता येतील हे प्रक्रियकाने आयत्या वेळी शोधण्याऐवजी संकलकाने आधीच शोधून लिहून ठेवावे. म्हणजे प्रक्रियकाची रचना सोपी होईल आणि वाचलेली जागा प्रत्यक्ष गणनेस उपयोगी पडेल. जुना ‘एक्स-८६’ आज्ञासंच लवकरच मागे पडेल, असे त्या वेळी सामान्यतः मानले जात होते. या विश्वासाचे परिणाम प्रत्यक्ष प्रक्रियक येण्यापूर्वीच घडून आले. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या स्वतंत्र प्रक्रियक-मालिकेचा शेवट ठरविला. कॉम्पॅकने जून २००१ मध्ये, वैज्ञानिक गणनेत नावाजलेला अल्फा प्रक्रियक इटेनियमच्या बाजूने सोडून देण्याचा निर्णय जाहीर केला. ज्यांनी अल्फासाठी आज्ञावल्या लिहिल्या होत्या, त्यांचे अधिष्ठान अशा रीतीने एका भाकिताच्या भरात गेले.

पहिला इटेनियम अनेक वेळा लांबणीवर पडून २००१ साली आला. त्याच्या दोन उणिवा लवकरच उघड झाल्या. स्मृतीतून एखादी संख्या किती काळाने येईल, हे आज्ञावली चालू असतानाच कळते. संकलकास ते आधी ठाऊक नसते. त्यामुळे संकलकाने आखलेला क्रम वारंवार थांबून राही. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. जुन्या एक्स-८६ आज्ञावल्या त्यावर चालत, परंतु मंद गतीने. ज्याच्याजवळ वर्षानुवर्षांचा आज्ञावल्यांचा साठा होता, त्यास नवे यंत्र घेऊन जुने काम मंदावण्याचा अनुभव येई.

या सुमारास एएमडीने उलट मार्ग धरला. १९९९ साली तिने जुन्या आज्ञासंचाचाच ६४ बिटांपर्यंत विस्तार करण्याची योजना जाहीर केली. सामान्य कामाच्या नोंदकांची संख्या आठावरून सोळा झाली, पत्त्यांची मर्यादा वाढली, आणि ३२ बिटांच्या जुन्या आज्ञावल्या पूर्ण गतीने चालतील अशी व्यवस्था ठेवण्यात आली. सैद्धांतिक दृष्ट्या ही रचना इटेनियमइतकी नवी नव्हती. तज्ज्ञांपैकी काहींस ती जुन्या वाड्यावर चढविलेल्या मजल्यासारखी वाटली असल्यास नवल नाही. परंतु रहिवाशांस वाडा सोडावा लागला नाही, हेच तिचे बळ होते. एप्रिल २००३ मध्ये ‘ऑप्टेरॉन’ आला आणि पुढच्याच वर्षी खुद्द इंटेलनेही हा विस्तार स्वीकारला. इटेनियम-२ वैज्ञानिक गणनेत दुर्बल नव्हता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तरीही त्याचे क्षेत्र आक्रसत गेले. त्याची शेवटची मालिका २०१७ साली निघाली आणि जुलै २०२१ मध्ये त्याचा पुरवठा थांबला.

४. स्थलांतर यशस्वी केव्हा होते

यावरून आज्ञासंच बदलणे अशक्यच आहे, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. ॲपल कंपनीने आपल्या मॅकिन्टॉश संगणकांचे अधिष्ठान तीन वेळा बदलले : १९९४ साली मोटोरोलाच्या ६८००० मालिकेवरून पॉवरपीसीवर, २००६ साली पॉवरपीसीवरून इंटेलवर, आणि २०२० साली इंटेलवरून स्वतःच्या, आर्म आज्ञासंचाच्या प्रक्रियकांवर.

यांपैकी दुसऱ्या स्थलांतराचा इतिहास भाकितांच्या दृष्टीने बोधप्रद आहे. जून २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी वर्षभरात तीन गिगाहर्ट्झचा पॉवरपीसी संगणक देण्याचे जाहीर आश्वासन दिले. मागील विभागात सांगितलेली उष्णतेची भिंत येथेही आडवी आली आणि आश्वासन पुरे झाले नाही. जून २००५ मध्ये इंटेलकडे जाण्याची घोषणा झाली, तेव्हा मॅकची परिचालन प्रणाली पाच वर्षांपासून इंटेलच्या प्रक्रियकांसाठीही गुप्तपणे तयार केली जात होती, हे उघड झाले. म्हणजे ॲपलने आपल्या भाकितावर विश्वास ठेवूनही ते चुकल्यास काय करावयाचे याची तरतूद केली होती.

तिन्ही स्थलांतरांत दोन गोष्टी समान आढळतात. पहिली, जुन्या आज्ञावल्या नव्या प्रक्रियकावर चालविणारा अनुवादक पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्या हाती होता. दुसरी, परिचालन प्रणाली, संकलक आणि यंत्र या तिन्हींवर एकाच संस्थेचा ताबा होता. म्हणून सर्वांस एकाच दिशेने आणि ठरलेल्या मुदतीत हलविता आले. जेथे ही दुसरी अट नसते, तेथे स्थलांतराचे भाकीत अधिक सावधपणे घ्यावयास हवे.

५. कारखान्याची मर्यादा

रचना उत्तम असली आणि आज्ञावल्या तयार असल्या, तरी प्रक्रियक कारखान्यातून बाहेर पडावा लागतो. इंटेलने २००७ पासून एका वर्षी लहान मापे आणि पुढच्या वर्षी नवी रचना असा क्रम बांधला होता व तो काही वर्षे नीट पाळलाही गेला. त्यामुळे पुढच्या प्रक्रियकाचे वर्ष सांगणे हे पंचांगातून तिथी सांगण्याइतके सोपे वाटू लागले. परंतु १० नॅनोमीटरच्या पिढीत हा क्रम मोडला. २०१६ च्या सुमारास अपेक्षित असलेले हे उत्पादन मोठ्या प्रमाणावर २०१९ साली येऊ शकले. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने त्याहून कितीतरी सूक्ष्म रेषा काढावयाच्या, तर एकाच थरासाठी अनेक वेळा मुद्रण करावे लागते, आणि प्रत्येक मुद्रणाबरोबर दोषाची शक्यता वाढते. घनता एकाच झेपेत फार वाढविण्याचे धोरण येथे अंगाशी आले. दरम्यान तैवानच्या टीएसएमसीने ७ नॅनोमीटरचे उत्पादन २०१८ साली सुरू केले, आणि त्यावर आधारलेले एएमडीचे प्रक्रियक २०१९ च्या जुलैत बाजारात आले. ‘१०’ आणि ‘७’ ही पिढ्यांची नावे आहेत, ट्रान्झिस्टरच्या कोणत्याही एका भागाची प्रत्यक्ष मापे नव्हेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. अन्यथा केवळ आकड्यांच्या तुलनेवरून चुकीची अनुमाने निघतात.

६. पुण्यातील अनुभव

हा प्रश्न दूरदेशीच्या कंपन्यांपुरता नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ साली ‘परम-८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. तो इंग्लंडमधील इनमॉस कंपनीच्या टी-८०० या ट्रान्सप्यूटर प्रक्रियकांवर उभारलेला होता. शेजारच्या प्रक्रियकांशी थेट संदेशांची देवघेव करणारा हा प्रक्रियक समांतर गणनेचे भविष्य आहे, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. त्याचा वारसदार टी-९००० मात्र लांबणीवर पडला, ठरलेली गती गाठू शकला नाही, आणि ट्रान्सप्यूटरचे युग संपले. पुढील ‘परम’ यंत्रांत प्रक्रियक बदलत गेले : १९९८ च्या ‘परम-१००००’ मध्ये अल्ट्रास्पार्क, त्यानंतरच्या ‘परम पद्म’ मध्ये आयबीएमचा पॉवर-४, आणि २००८ च्या ‘परम युवा’ मध्ये इंटेलचा झिऑन.

सुमारे सतरा वर्षांत अधिष्ठान इतक्या वेळा बदलूनही परंपरा खंडित झाली नाही, याचे कारण विचार करण्याजोगे आहे. समांतरतेची कल्पना विशिष्ट प्रक्रियकाशी बांधलेली नव्हती. १९९४ साली संदेश-देवघेवीचा ‘एमपीआय’ हा सर्वमान्य संकेत निश्चित झाला. आणि फोर्ट्रान किंवा सी या भाषांत तो संकेत पाळून लिहिलेली आज्ञावली एका प्रक्रियकावरून दुसऱ्यावर, पुन्हा संकलित करून, नेता येऊ लागली. ट्रान्सप्यूटरच्या ऑकम भाषेतच लिहिलेल्या आज्ञावल्यांस हे भाग्य लाभले नाही.

७. पारखण्याच्या कसोट्या

वरील विवेचनावरून नव्या प्रक्रियकाविषयीचे भाकीत तपासण्याच्या काही कसोट्या हाती येतात.

पहिली कसोटी अटींची. भाकितात कोणती राशी वाढेल असे म्हटले आहे, आणि ती आजवर कोणत्या अटीच्या बळावर वाढली, हे विचारावे. अट सांगता येत नसेल, तर ते भाकीत नसून केवळ रेषा आहे.

दुसरी कसोटी जुन्या आज्ञावल्यांची. नवे यंत्र आल्याच्या पहिल्या दिवशी जुने काम किती गतीने चालेल, याचे उत्तर नवे काम किती गतीने चालेल यापेक्षा अधिक महत्त्वाचे असते.

तिसरी कसोटी पुराव्याची. घोषणा आणि अफवा यांपेक्षा संकलकाची साक्ष अधिक विश्वसनीय असते. एएमडीच्या ‘झेन’ रचनेसाठी जीसीसी या मुक्त संकलकात तरतूद एप्रिल २०१६ च्या आवृत्तीतच झालेली होती; प्रक्रियक विक्रीस आला तो मार्च २०१७ मध्ये. ६४ बिटांच्या एक्स-८६ साठीही, प्रत्यक्ष प्रक्रियक हाती येण्यापूर्वी, लिनक्स प्रणाली अनुकरण-यंत्रावर चालवून पाहण्यात आली होती. ज्या प्रक्रियकासाठी संकलक आणि परिचालन प्रणाली यांचे काम उघडपणे चालू आहे, त्याचे आगमन संभाव्य मानावे. ज्याच्यासाठी केवळ आलेख प्रसिद्ध होत आहेत, त्याची वाट पाहू नये.

‘रिस्क-व्ही’ या मुक्त आज्ञासंचाविषयी जी भाकिते होतात, त्यांसही याच कसोट्या लावता येतील. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत त्याचा आरंभ झाला. त्यावर आधारलेले प्रक्रियक भारतातही, मद्रासच्या आयआयटीत ‘शक्ती’ आणि सी-डॅकमध्ये ‘वेगा’ या नावांनी, सिद्ध झाले आहेत. संकलक आणि लिनक्स यांचा आधार त्यास आहे. म्हणजे तिसऱ्या कसोटीस तो उतरतो. जुन्या आज्ञावल्यांचे ओझे जेथे नाही अशा लहान, अंगभूत उपकरणांत त्याचा प्रसार सुकर असावा आणि जेथे ते ओझे मोठे आहे अशा मेजावरील संगणकांत तो मंद असावा, असे अनुमान दुसऱ्या कसोटीवरून निघते. त्यापुढे जाऊन वर्ष आणि तारीख सांगणे हे कारखान्यावर अवलंबून आहे, आणि तेथे पंचांग चालत नाही.

संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बोध मात्र भाकिताविषयीचा नसून आज्ञावलीविषयीचा आहे. प्रक्रियक कोणता येईल याविषयीचे अनुमान बरोबर ठरले तर लाभ होतो. परंतु आज्ञावली सर्वमान्य भाषेत व संकेतांत, विशिष्ट प्रक्रियकाच्या खुब्यांपासून अलिप्त अशी लिहिलेली असेल, तर अनुमान चुकले तरी हानी होत नाही. अल्फा गेला, ट्रान्सप्यूटर गेला, इटेनियम गेला. परंतु त्यांवर चाललेली फोर्ट्रानमधील समीकरणे आजही नव्या यंत्रांवर सोडविली जात आहेत. यंत्राची निवड भाकितावर सोपवावी लागली, तरी आज्ञावलीचे आयुष्य भाकितावर सोपविण्याचे कारण नाही.